मायक्रोआरएनए आणि स्मृतिभ्रंश : संशोधनातील दावा कसा पारखावा

‘रक्ताच्या एका तपासणीतून अल्झायमर लक्षणांच्या आधीच ओळखता येणार, पाच मायक्रोआरएनएंचा संच ९५ टक्के अचूक.’ हे वाक्य मी उदाहरणासाठी रचले आहे, पण ज्यांच्या घरात आई किंवा वडील एकच प्रश्न दहा मिनिटांत चार वेळा विचारू लागले आहेत, त्यांनी याच सुराची बातमी कधी ना कधी वाचलेली असेल आणि ही तपासणी कुठे होते याचा शोधही घेतला असेल. त्यांच्यासाठी, तसेच जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि आरोग्यविषयक लेखन करणाऱ्यांसाठी, असा दावा कसा तपासावा हे येथे मांडत आहे. मायक्रोआरएनएवरील संशोधन मला फार महत्त्वाचे वाटते, आणि म्हणूनच त्याच्या नावाखाली घाईचे निष्कर्ष घरोघरी पोहोचू नयेत असेही मनापासून वाटते.

आधी रेणू नीट ओळखा

जनुकातील माहिती प्रथम संदेशवाहक आरएनएच्या रूपात उतरते आणि त्या संदेशावरून प्रथिन घडते. कोणता संदेश किती प्रमाणात वाचला जावा, यावर मायक्रोआरएनए लगाम ठेवतो. त्याच्यापासून स्वतःचे प्रथिन तयार होत नाही. त्याची लांबी असते जेमतेम २२ अक्षरांची (अक्षर म्हणजे आरएनएच्या साखळीतला एक घटक). पेशीच्या केंद्रकात आधी एक लांब धागा तयार होतो, तो केसांच्या आकड्यासारखा दुमडतो, ड्रोशा नावाचे विकर (एन्झाइम) त्याच्या बाजूचा फापटपसारा छाटते आणि साधारण ७० अक्षरांचा तो आकडा केंद्रकाबाहेर पाठवला जातो. बाहेर डायसर हे दुसरे विकर आकड्याचे वळण कापून टाकते, आणि उरलेल्या जोडीतला एक धागा आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात जाऊन बसतो. या धाग्यातील दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरे एखाद्या संदेशाच्या शेवटच्या भागाशी जुळली, की तो संदेश दाबला जातो किंवा मोडीत निघतो. सात अक्षरांची जुळणी शेकडो वेगवेगळ्या संदेशांत सापडते, त्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर थोडाथोडा परिणाम करू शकतो. उपचारांच्या दाव्यांकडे वळू तेव्हा ही गोष्ट पुन्हा लागणार आहे.

या वर्गातला पहिला रेणू, लिन-४, १९९३ साली एका मिलिमीटरभर लांबीच्या गोलकृमीत सापडला. तो त्या कृमीचाच काही विशेष असावा असे तेव्हा अनेकांना वाटले. २००० साली लेट-७ हा दुसरा रेणू सापडला आणि तो कृमीपासून माणसापर्यंत जवळजवळ जसाच्या तसा आढळला, तेव्हा या क्षेत्राला खरी गती आली. या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्मृतीशी याचा संबंध कसा येतो? आठवण टिकून राहण्यासाठी चेतापेशींच्या फांद्यांवरील सूक्ष्म काट्यांचा आकार बदलावा लागतो आणि त्यासाठी लागणारी काही प्रथिने पेशीच्या मुख्य भागापासून दूर, त्या काट्याजवळच तयार व्हावी लागतात. संदेश आधीच तिथे पोहोचलेला असतो, मात्र योग्य क्षण येईपर्यंत तो दाबून ठेवावा लागतो. २००६ साली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी जोडलेल्या भागातील, चेतापेशींवर केलेल्या कामात दिसले, की मिर-१३४ हा मायक्रोआरएनए लिमके-१ या प्रथिनाचा संदेश असाच रोखून धरतो, आणि चेतापेशीला बीडीएनएफ या वाढ-घटकाचा इशारा मिळाला की ती पकड सैल होते. एका काट्याची वाढ अशा रीतीने क्षणाशी बांधलेली असते. ही यंत्रणा बिघडली तर शिकणे आणि आठवणे यांवर परिणाम होईल ही कल्पना म्हणूनच भक्कम पायावर उभी आहे. प्रश्न असतो तो एखाद्या विशिष्ट दाव्याचा.

नाव पूर्ण लिहून घ्या

बातमीत ‘एक मायक्रोआरएनए’ एवढेच लिहिले असेल, तर मूळ शोधनिबंध काढून त्याचे पूर्ण नाव टिपून ठेवावे. नावाच्या सुरुवातीला ‘एचएसए’ असेल तर तो मानवी रेणू असतो आणि ‘एमएमयू’ असेल तर उंदराचा. शेवटी येणारे ‘५पी’ किंवा ‘३पी’ हे वर सांगितलेल्या दुमडलेल्या आकड्याच्या कोणत्या बाजूचा धागा आहे ते सांगते. मिर-१३२-५पी आणि मिर-१३२-३पी यांची अक्षरे वेगळी आणि लक्ष्येही वेगळी असतात, तरी सारांशांत त्यांना सर्रास एक समजले जाते. नाव हाती आले की ते मिरबेस या मुक्त संग्रहात शोधावे, आणि त्यानंतर मिरजीनडीबी या अधिक काटेकोर संग्रहातही पाहावे. मिरबेसमध्ये २,६०० हून अधिक मानवी मायक्रोआरएनए नोंदलेले आहेत. कडक निकष लावणारा मिरजीनडीबी त्यांपैकी बऱ्याच नोंदी स्वीकारत नाही. दाव्यातला रेणू दुसऱ्या संग्रहात नसेल तर तो खरोखर मायक्रोआरएनए आहे का, इथपासूनच शंका घ्यावी.

तो कुठे मोजला ते पाहा

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ याच प्रश्नाला द्यावा. मायक्रोआरएनए मृत्यूनंतर काढलेल्या मेंदूच्या ऊतीत मोजता येतो, पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात मोजता येतो आणि रक्तातही. या तिन्ही आकड्यांचे अर्थ निरनिराळे असतात.

मेंदूच्या ऊतीतील मोजमाप रोगाच्या सर्वांत जवळचे असते, पण त्यातही एक खाच आहे. अल्झायमरमध्ये चेतापेशी मरतात. मग ज्या ज्या रेणूचे प्रमाण चेतापेशींत जास्त असते, तो तो ऊतीत कमी झालेला दिसणारच. ही घट रोगाचे कारण आहे, परिणाम आहे की केवळ पेशींची संख्या घटल्याची खूण, हे वेगळे करावे लागते. मिर-१३२ च्या बाबतीत हे काम चांगले झाले आहे. अल्झायमरग्रस्त मेंदूंत त्याची घट वेगवेगळ्या गटांना पुन्हा पुन्हा आढळली, आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की ही घट रोगाच्या मधल्या टप्प्यांतच, म्हणजे चेतापेशींचे इतर खास मायक्रोआरएनए कमी होण्याच्या आधीच, सुरू झालेली असते. निबंधात असा वेळेचा पुरावा दिसला तर त्याच्या बाजूला खूण करून ठेवावी, कारण नुसत्या ‘कमी आढळला’ या विधानापेक्षा त्याचे मोल कितीतरी अधिक आहे.

रक्ताचा मामला याहून अवघड. रक्तातील बहुतेक मायक्रोआरएनए मेंदूतून आलेले नसतात. ते येतात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, यकृत आणि स्नायू यांच्यापासून. नळीत घेतलेले रक्त वेगाने फिरवले, की तळाशी गडद तांबडा थर बसतो आणि वर फिकट पिवळसर रक्तद्रव राहतो. एखाद्या नळीतला तो द्रव किंचित गुलाबी दिसतो. सुई बारीक होती, रक्त जोराने ओढले गेले किंवा नळी जोरात हलवली गेली, एवढ्याने काही तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यात भरपूर असलेले मिर-४५१ए आणि मिर-१६ द्रवात मिसळतात. गुलाबी छटा डोळ्यांना दिसण्याच्या आधीच आकडे बिघडलेले असू शकतात. म्हणून चांगल्या निबंधात पेशी फुटल्या होत्या का याची तपासणी दिलेली असते: ४१४ नॅनोमीटरवरील प्रकाशशोषण, किंवा मिर-४५१ए चे मिर-२३ए शी असलेले प्रमाण. पद्धतीच्या भागात यांपैकी काहीच सापडले नाही, तर निष्कर्षावरचा विश्वास मी लगेच कमी करतो.

त्याच भागात आणखी काही गोष्टी शोधाव्यात. तपासणी रक्तद्रवावर झाली की गोठल्यानंतर उरणाऱ्या रक्तजलावर? रक्त गोठताना प्लेटलेट आपले मायक्रोआरएनए बाहेर सोडतात, त्यामुळे या दोन्हींची थेट तुलना करता येत नाही. प्लेटलेट काढून टाकण्यासाठी नमुना दोनदा फिरवला होता का? नळीत हेपरिन हे रक्त गोठू न देणारे द्रव्य होते का? हेपरिनमुळे पुढील पीसीआर, म्हणजे रेणूंच्या प्रती वाढवून ते मोजण्याची पद्धत, अडखळते, म्हणून ईडीटीए हे तसेच दुसरे द्रव्य असलेल्या नळ्या बऱ्या मानल्या जातात. रुग्णांचे रक्त दवाखान्यात आणि निरोगी स्वयंसेवकांचे रक्त दुसरीकडे कुठेतरी, वेगळ्या घाईने आणि वेगळ्या नळ्यांत घेतले असेल, तर दोन गटांतला फरक रोगाचा की हाताळणीचा हे सांगणे अशक्य होऊन बसते.

काही निबंध म्हणतात की त्यांनी रक्तातून ‘चेतापेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पुटिका’, म्हणजे पेशी बाहेर टाकतात त्या अतिशय बारीक पिशव्या, वेगळ्या केल्या आणि त्यांतील मायक्रोआरएनए मोजले. कल्पना आकर्षक आहे, पण अशा पुटिका पकडण्यासाठी अनेकांनी वापरलेले एल१कॅम हे प्रथिन रक्तद्रवात पुटिकांना चिकटलेले नसून मोकळेच फिरत असते, असे २०२१ मध्ये एका काळजीपूर्वक केलेल्या कामातून दाखवले गेले. एल१कॅमवर उभा असलेला दावा त्यामुळे अधिक सावधपणे वाचावा.

तुलना कशी केली ते तपासा

एका वेळी हजार मायक्रोआरएनए मोजले आणि प्रत्येकासाठी ०.०५ हा नेहमीचा निकष (योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी) लावला, तर रोगाशी काहीही संबंध नसताना सुमारे ५० रेणू निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरतील. निबंधात अनेक चाचण्यांसाठी केलेली दुरुस्ती नमूद आहे का ते पाहावे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ज्या माणसांच्या नमुन्यांवरून संच निवडला त्यांच्यावरच त्याची परीक्षा घेतली, की पूर्णपणे वेगळ्या, शक्यतो दुसऱ्या ठिकाणच्या माणसांवर? २०१३ साली १२ मायक्रोआरएनएंच्या एका रक्तसंचाने अल्झायमरचे रुग्ण आणि निरोगी माणसे यांना ९३ टक्के अचूकतेने वेगळे केल्याचे प्रसिद्ध झाले. आरंभीचा गट लहान होता, तरी त्या संशोधकांनी पुढे २०० हून अधिक नमुन्यांवर दुसऱ्या पद्धतीने पडताळणी केली, आणि हे काम नीटसच म्हणावे लागेल. पण त्यानंतरच्या वर्षांत इतर गटांनी सुचवलेले संच एकमेकांशी फारसे जुळले नाहीत. एकाच्या यादीतले नाव दुसऱ्याच्या यादीत क्वचित येते. या विसंगतीचे मूळ बऱ्याच अंशी वर सांगितलेल्या नळ्या, द्रव आणि मोजणीच्या पद्धतींत आहे.

आता सुरुवातीच्या बातमीतल्या ९५ टक्क्यांकडे येऊ. समजा, तपासणी खरोखरच आजारी माणसांपैकी ९५ टक्के ओळखते आणि निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांना निरोगी ठरवते. स्मृतीच्या तक्रारींसाठी आलेल्या २०० जणांत १०० जण खरोखर आजारी असतील, तर ९५ बरोबर ओळखले जातील आणि फक्त पाच जणांवर चुकीचा शिक्का बसेल. तीच तपासणी काहीही तक्रार नसलेल्या २,००० ज्येष्ठांवर केली आणि त्यांत १०० जण आजारी असतील, तर ९५ बरोबर ओळखले जातील, पण उरलेल्या १,९०० निरोगींपैकीही ९५ जणांना आजार असल्याचे सांगितले जाईल. म्हणजे आजार असल्याचा अहवाल हाती आलेल्यांपैकी निम्मे निरोगी असतील. तपासणी तीच, अचूकता तीच. कागद-पेन घेऊन हे गणित स्वतः एकदा करून पाहावे. त्यानंतर कोणत्याही बातमीतला टक्का वाचताना ‘कोणत्या गटात?’ हा प्रश्न आपसूक मनात येतो.

निरोगी तरुण विरुद्ध आजारी वृद्ध अशी तुलना असेल, तर वयाचाच फरक मोजला गेला असण्याची शक्यता दाट असते. दवाखान्यात डॉक्टरांपुढचा खरा प्रश्न वेगळाच असतो: समोरच्या माणसाची विस्मृती अल्झायमरची, रक्तवाहिन्यांच्या आजाराची, लेवी बॉडीजच्या आजाराची (स्मृतिभ्रंशाचा आणखी एक प्रकार) की नैराश्याची? जी तपासणी या आजारांत फरक करून दाखवते, तिलाच व्यवहारात किंमत आहे.

कारण आणि खूण यांत गल्लत करू नका

मायक्रोआरएनए बदलल्याने रोग झाला असे म्हणायचे असेल, तर तो मुद्दाम बदलून काय होते हे दाखवावे लागते. आधी दिसतो तो नुसता संबंध, मग होतात असे प्रयोग. २००८ साली मिर-२९ए आणि मिर-२९बी-१ यांची घट आणि बेस-१ या विकराची वाढ यांचा संबंध अल्झायमरच्या काही रुग्णांच्या मेंदूंत दिसला. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे अमायलॉइडचे तुकडे एका मोठ्या प्रथिनातून कापून काढण्यात बेस-१ चाच हात असतो. २०११ मध्ये मिर-३४सी उंदरांत वाढलेला आढळला आणि तो रोखल्यावर त्यांचे शिकणे सुधारले. २०२१ मध्ये अल्झायमरसदृश बदल असलेल्या उंदरांत मिर-१३२ पूर्ववत केल्यावर हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी तयार होण्याची प्रक्रिया आणि स्मृती सावरली. म्हणजे एका ठिकाणी रेणू वाढवल्याने फायदा झाला, तर दुसऱ्या ठिकाणी दाबल्याने. ‘मायक्रोआरएनए वाढवा, स्मृती सुधारा’ असे एकरेषीय विधान कोणी करत असेल तर ते चूक आहे.

प्रयोगातील प्राणी कोणता, हेही लिहून घ्यावे. अल्झायमरच्या संशोधनातील बहुतेक उंदरांत क्वचित आढळणाऱ्या आनुवंशिक प्रकारातील मानवी जनुके घातलेली असतात, तर प्रत्यक्षात बहुसंख्य माणसांना उतारवयातला, एका जनुकाशी न बांधलेला प्रकार होतो. आणि उंदरांतले निकालही फसवे असू शकतात. प्रौढ उंदरांच्या अग्रमेंदूतून डायसर काढून टाकल्यावर, म्हणजे जवळजवळ सर्वच मायक्रोआरएनए घटवल्यावर, काही काळ त्यांची स्मृती चक्क सुधारलेली २०१० च्या एका प्रयोगात आढळली. त्याच सुमारास दुसऱ्या प्रयोगांत डायसर गमावलेल्या चेतापेशी झिजत गेल्या आणि त्यांतील टाऊ प्रथिन रोगातल्यासारखे बदलले. पहिला निकाल एकटा वाचला असता तर मायक्रोआरएनए हे स्मृतीचे शत्रूच वाटले असते.

उपचाराचा दावा असेल तर

स्मृतिभ्रंशावर मायक्रोआरएनए देणारे किंवा रोखणारे कोणतेही मान्यताप्राप्त औषध आज उपलब्ध नाही. कोणी ते विकत असेल तर तिथून दूर राहावे. येथे एक गोंधळ वारंवार होतो: २०१८ पासून मान्यता मिळालेली पॅटिसिरानसारखी औषधे लहान आरएनएची असली तरी ती मायक्रोआरएनए नाहीत, ती एकाच ठरलेल्या संदेशावर नेम धरतात. मायक्रोआरएनएचा नेम शेकडो संदेशांवर पसरलेला असतो, आणि धोका नेमका तिथे आहे. कर्करोगासाठी तयार केलेल्या मिर-३४ए च्या नकलेची माणसांवरील चाचणी रोगप्रतिकार यंत्रणेच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली. मेंदूच्या बाबतीत तर औषध रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडथळा ओलांडून योग्य पेशींत पोहोचवण्याचा प्रश्नही सोडवायचा आहे.

घरात कोणाला विसर पडत असेल तर आज काय करावे

मायक्रोआरएनएच्या तपासणीची वाट पाहू नये. डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवावी आणि तीत काय विसरले, कधी, त्या दिवशी झोप कशी होती आणि कोणते नवे औषध सुरू झाले हे तारखेसह लिहावे. विस्मृतीची काही कारणे उपचाराने सुधारतात: बी१२ ची कमतरता, थायरॉइडची मंद क्रिया, नैराश्य, झोपेत श्वास अडणे, काही औषधांचे परिणाम, डोक्याला मार लागल्यानंतर साचलेले रक्त. डॉक्टर आधी यांचाच शोध घेतात, त्यानंतर स्मृतीच्या चाचण्या करतात आणि गरजेप्रमाणे मेंदूचे चित्रण. विसर काही तासांत किंवा दिवसांत अचानक वाढला तर मात्र वही बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णाला डॉक्टरांकडे न्यावे.

रक्ताच्या तपासणीचे म्हणाल, तर तीही आता खरोखर आली आहे, मात्र ती प्रथिनांची आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने रक्तद्रवातील पी-टाऊ २१७ (टाऊ प्रथिनाचे एक बदललेले रूप) आणि बीटा-अमायलॉइड यांच्या प्रमाणावर आधारित तपासणीला परवानगी दिली, आणि तीही ५५ वर्षे व त्यापुढील, लक्षणे असलेल्या व्यक्तींच्या निदानाला मदत म्हणून. मायक्रोआरएनएंच्या संचाला हाच टप्पा गाठायचा आहे, त्यामुळे नवा दावा वाचताना त्याची तुलना या तपासणीशी केली आहे का ते जरूर पाहावे. ज्या प्रश्नाचे उत्तर पी-टाऊ देत नाही त्याचे उत्तर मायक्रोआरएनए देत असेल, उदाहरणार्थ विसर किती वेगाने वाढेल किंवा मेंदूत दाह किती आहे, तर त्या दिशेच्या कामाकडे मी मोठ्या आशेने पाहतो.

या संशोधनासाठी नमुना देण्याची विनंती झाली तर ती स्वीकारणे मला योग्य वाटते, कारण वेगवेगळ्या ठिकाणच्या, नीट हाताळलेल्या आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या नमुन्यांची या क्षेत्राला सर्वांत जास्त गरज आहे. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी नमुना किती वर्षे ठेवला जाईल, तो इतर गटांना दिला जाईल का, आणि मध्येच माघार घेता येईल का हे विचारावे. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला जितके समजते तितके तिला स्वतःला शांतपणे समजावून सांगावे आणि तिचा होकार तिच्याकडूनच घ्यावा. कायदेशीर सही दुसऱ्या कोणाची असली तरीही. शेवटी, वैयक्तिक निकाल कळवला जाणार आहे का, आणि कळवला जाणार असेल तर तो समजावून सांगायला कोण समोर बसेल, हे विचारून त्याचे उत्तर लेखी घ्यावे.